लेबल खरवडलेली बाटली

नवऱ्याने न्हाव्याचं डोकं आरशावर आपटलं, तेव्हा खुर्चीतला मुलगा अर्ध्या कापलेल्या केसांनिशी किंचाळला. काच तडकली, दुसऱ्या फटक्याला बेसिनमध्ये कोसळली.

"माझ्या पोराला हात लावतोस? एड्स घेऊन?"

बायकोने मुलाला उचललं. त्याच्या मानेवरून, कानांमागून बोटं फिरवली. कुठेही खरचटलं नव्हतं. ब्लेड तर तिच्यादेखतच नव्या कागदातून निघालं होतं; असल्या गोष्टींवर तिची नजर असायचीच.

"केस कापून होत नाही हो, दादा," न्हावी ओठ बाहीला पुसत म्हणाला. "शिवून होत नाही, एका पेल्यातून पाणी पिऊन होत नाही."

"मोठा डॉक्टर लागून गेलास!" नवऱ्याने त्याच्या पोटात लाथ घातली.

"हात नका लावू त्याला," दारातून शेजारचा शिंपी ओरडला. "ही घ्या काठी!"

पावडर काढताना खणातून पांढरी बाटली घरंगळली, एवढंच झालं होतं. लेबल नखाने खरवडून काढलेलं. नवऱ्याने झाकण उघडून गोळी तळहातावर घेतली होती आणि दुसऱ्याच क्षणी न्हाव्याची मान धरली होती.

काठीचा घाव मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज दारापर्यंत गेला.

"हातावर नका मारू, दादा! हातावर पोट आहे माझं!"

"थांबा," बायको म्हणाली.

"तू गप्प बस. तुला काय कळतंय?"

"मला नाहीच कळलं. मला वाटलं, सर्दीची गोळी असेल." तिने मुलाचं तोंड खांद्याशी दाबलं. "बाटलीवर एक अक्षर नाही. तुम्हाला कशी ओळखू आली?"

वर गेलेली काठी खाली आली नाही. शिंपी आता नवऱ्याकडे बघत होता.

"ट्रकवर... चार लोक बोलतात," नवरा म्हणाला. "घरी चल."

ती हलली नाही. वाकून तिने स्वच्छ टॉवेल न्हाव्याकडे सरकवला.

"तपासणी कुठे करतात, भाऊ?"

न्हाव्याने काठीकडे पाहिलं, मग तिच्या कडेवरच्या पोराकडे.

"सरकारी दवाखान्यात. फुकट. वेळेत कळलं की निभतं, ताई. अकरा वर्षं गोळ्या खातोय मी." त्याने रक्त थुंकलं. "दादांची एकट्याची करायचीय?"

"आमची दोघांची."

काचा चुकवत ती दाराशी आली. शिंप्याने अंग चोरून तिला वाट दिली.