चौदा नंबरचं हळदीकुंकू

"उस्मानचाचा, चौदा नंबरमध्ये रोज संध्याकाळी दिवा कोण लावतं?"

विचारलं! हिंदीत, मोठ्यांदा, एकदाही न अडखळता! माझ्या वर्गातल्या मधुरा आणि रुकैया गेटपाशी एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या होत्या. पैज त्यांचीच. मागच्या शुक्रवारी बॅडमिंटन खेळायला आल्या होत्या, तेव्हा त्यांना तो उजेड दिसला.

"डिबेट जिंकल्यापासून मॅडम कुणाला घाबरत नाहीत म्हणे," मधुरा म्हणाली होती. "मग विचार की तुमच्या वॉचमनला."

कारण चौदा नंबर रिकामा आहे. तसे आमच्या कंपाउंडमधल्या वीस व्हिलांपैकी सतरा रिकामेच आहेत. अल वक्रा गावाच्याही पुढे, वाळूत असूनही, आम्ही इथे आलो तेव्हा घर मिळायला वेटिंग लिस्ट होती. मग वर्ल्ड कपसाठी मेट्रो आली, शहर नटायला लागलं आणि सगळे म्हणाले, यल्ला, चला शहरात! खाली उतरलं की भाजी, खाली उतरलं की माणसं. शशिकलाकाकू सगळ्यांत आधी गेल्या, शहरातल्या अल मन्सूराला. चौदा नंबर त्यांचाच.

आम्ही राहिलो. उद्या, गुरुवारी, बाबा आणखी दोन वर्षांच्या करारावर सही करणार होते. आईला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही ठरवा." मग मीच ठरवलं होतं. राहायचं! वरची अख्खी गच्ची माझी, मित्रमैत्रिणी येऊन जळतात, अजून काय हवं?

उस्मानचाचांनी माझ्याकडे बघितलं, मग व्हिलांच्या ओळीकडे.

"दरवाज़ा खुला है, बेटी. जाके देख लो," ते म्हणाले. "पर अकेली जाना."

आणि केबिनमध्ये जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

"खलास," रुकैया पुटपुटली. "अंतरा, नको जाऊस."

पण मी निघाले होते. सूर्य नुकताच बुडाला होता. दोन्ही बाजूंच्या रिकाम्या घरांत एसी मात्र चालू होते, भिंतींना बुरशी लागू नये म्हणून ठेवतात तसे. कुणी नसलेल्या घरांचा तो श्वास घेतल्यासारखा आवाज. अकरा. बारा. तेरा. बोगनवेली सगळीकडे टवटवीत होत्या. पाणी कोण घालतं यांना, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

चौदाचं दार ढकललं. हॉलमध्ये समई. खाली सतरंजी, आमचीच. तिच्यावर सात कप, सात वाट्या, वाट्यांत तिळगूळ. आणि माझ्याकडे पाठ करून, जरीची साडी नेसून, माझी आई.

"शशिकलावहिनी, बसा हो, घाई कसली?" ती म्हणत होती. मग थांबली, ऐकल्यासारखी. मग हसली. "हो का! आणि तुम्ही गप्प बसलात?"

संध्याकाळी आई चालायला जाते, एवढंच आम्हाला माहीत होतं. जाताना तिच्या सातही मैत्रिणींनी तिच्याकडे चावी ठेवली होती, घर मालकाला परत सोपवेपर्यंत झाडांना पाणी घाल म्हणून. तेही माहीत होतं. पुढचं कुणी विचारलंच नव्हतं.

आई उठली आणि भिंतीशी गेली. तेव्हा मला दिसलं. भिंतीवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती, सात, शेजारी शेजारी. सगळी सारख्या उंचीवर नव्हती. पहिलं खूप वर, कारण शशिकलाकाकू उंच. शेवटून दुसरं अगदी खाली. जिच्या तिच्या कपाळाइतकं.

मग आईने करंड्यात बोट बुडवलं आणि आठवं लावलं, बरोबर स्वतःच्या उंचीवर.

"नीलांबरी," ती भिंतीला म्हणाली, "तूही घे गं."

नीलांबरी हे आईचंच नाव. डिबेटमधली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"आई."

ती वळली. तिचं कपाळ कोरं होतं. आपण लावतो, मग समोरची आपल्याला लावते. इथे उलटून लावायला कुणी नव्हतं. मी तिच्या हातातला करंडा घेतला आणि हळदकुंकू लावलं. कपाळ भिंतीसारखं थंड होतं.

"उशीर केलास," ती अगदी साधेपणाने म्हणाली. "सगळ्या आत्ताच उठल्या."

मी कपांकडे बघितलं. सातही रिकामे. तळाशी चहाचा ओला डाग. मी समई शांत केली, आईचा हात धरला आणि बाहेर आणलं.

"कोण होतं?" मधुरा गेटवरून ओरडली.

"कुणी नाही! पैज जिंकले, आता घरी जा!"

घरी बाबा डायनिंग टेबलवर कागद पसरून बसले होते. चष्म्यावरून त्यांनी आईच्या साडीकडे बघितलं, मग माझ्या पिवळ्या-लाल बोटाकडे. "काय गं, कुठे होतात दोघी?"

आई माझ्या मागे उभी होती. मी कागद गोळा केले, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवले आणि तिला खुर्ची ओढून दिली.

"बाबा, उद्या सही करायची नाही. मी ठरवलंय. आई, तूही ऐक. आपण अल मन्सूराला जातोय. लहान फ्लॅट चालेल, मी हॉलमध्ये झोपेन. आणि आजपासून, आपण निघेपर्यंत, आई संध्याकाळी एकटी राहणार नाही."