शीतगृहाच्या दारातील टेबल

महामारीच्या त्या दिवसांत पॅकहाऊसमधील बत्तीस कामगारांचा ज्वर रोज सकाळी कपाळासमोर यंत्र धरून मोजण्याचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले होते. निवृत्त शिक्षकाचे अक्षर वळणदार आणि हात रिकामे. दोहोंचा उपयोग होईल, एवढाच विचार. माणसांचे अन्न जिथे निवडले, पुसले आणि खोक्यांत भरले जाते, त्या जागेत पाऊल टाकताना माझा आवाज आपोआप खाली येत असे. ते काम बंद ठेवणे शक्य नव्हते. म्हणून कोणी आजारी आढळल्यास त्याला चौदा दिवस स्वतंत्र खोली, दारात दोन वेळचे जेवण आणि परतल्यावर कामाची तीच जागा, अशी सोय विलगीकरण केंद्राने केली होती. आमच्यासाठी दहा खोल्या राखल्या होत्या. मी रोज केंद्राला फोन करून आजाऱ्यांची संख्या कळवायची.

पहिल्या दिवशी टेबल फाटकापाशी मांडले, तर उन्हातून चालत आलेल्या प्रत्येकाचे कपाळ तापलेले.

"गुरुजी, तुमच्या यंत्राने अख्खं पॅकहाऊस आजारी पाडलं की!" मुकादम हसत म्हणाला. "टेबल आत घ्या. सगळे आधी कालचे क्रेट काढायला शीतगृहात जातात. बाहेर आले की दारातच मोजा. सावलीही आहे तिथे."

मला ते पटले. त्या दिवसापासून नऊ दिवस मी वहीत 'ज्वर : कोणासही नाही' असे लिहीत गेलो. खरे सांगायचे, तर त्या नऊ ओळींचा मला अभिमान वाटू लागला होता.

कामगारांत माझी भाची होती, थोरल्या बहिणीची एकुलती एक. ताईची फुप्फुसे अधू. घरात मायलेकी दोघीच, आणि खोलीही एकच. तिसऱ्या दिवशी भाचीने कपाळ पुढे करीत म्हटले होते, "मामा, नीट बघा हं. अंग मोडून आलंय. तसं काही असेल, तर मी आजच केंद्रात जाते. आईजवळ नको."

मी यंत्र दोनदा धरले. दोन्ही वेळा शहाण्णव.

"ठणठणीत आहेस," मी म्हणालो. "कामाचा शीण असेल."

"भाचीला दोनदा, आम्हाला एकदाच!" मागून कोणीतरी टोमणा मारला, आणि सारी रांग हसली.

दहाव्या दिवशी पहाटे शीतगृहाचे यंत्र बंद पडले. कामगारांनी क्रेट बाहेर काढले आणि ते नेहमीप्रमाणे रांगेत आले. त्या दिवशी मात्र कोणी हात चोळत नव्हते. पहिले कपाळ अठ्ठ्याण्णव. दुसरे एकशे एक. मी यंत्राची काच पुसली. तिसरे, चौथे अठ्ठ्याण्णव. पाचवे एकशे दोन. बत्तीस जणांत सात निघाले. सातवी माझी भाची.

"बिघडलं वाटतं यंत्र," मुकादम म्हणाला.

मी वळून पाहिले. शीतगृहाचे दार सताड उघडे होते, आणि त्यातून गारवा येत नव्हता. नऊ दिवस मी माणसांचा ज्वर मोजलाच नव्हता. वीस मिनिटे गारठलेली कातडी तेवढी मोजली होती.

भाची माझ्याआधीच ते समजली असावी.

"म्हणजे तेव्हाही होता, मामा?"

मी वहीतली तिसऱ्या दिवसाची ओळ काढली.

"तुम्ही ठणठणीत म्हणालात, म्हणून मी आईच्या शेजारी झोपत राहिले. रोज."

तिच्या आवाजात राग असता, तर मला धरायला काहीतरी मिळाले असते.

मी केंद्राला फोन लावला. तिथल्या बाईंनी संख्या दोनदा विचारली. "सात? अहो गुरुजी, नऊ दिवस तुम्ही कोणी नाही म्हणून कळवलंत. तुमच्या दहाही खोल्या काल मासळी कारखान्याला दिल्या. तिथे माणसं जिन्यात झोपत होती हो!"

"मग यांनी कुठे जायचं?"

"संध्याकाळपर्यंत बघते काहीतरी. तोवर घरी मात्र कोणाला पाठवू नका."

मुकादमाने रिकाम्या खोक्यांचे गोदाम उघडले आणि सात पुठ्ठे दूर दूर अंथरले. मी यंत्र खिशात घालून ताईच्या घरी निघालो.

ताई खिडकीत बसली होती. "हे काय रे? तोंडाला फडकं बांधून बहिणीच्या घरी दरोडा?" ती हसली, आणि हसता हसता तिला खोकला लागला. तो थांबेपर्यंत मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.

"ताई, उन्हातून आत सरक. पंखाही बंद कर, आणि पाव तास नुसती बस."

"केवढा थाट मांडलायस!" म्हणत ती बसली.

मग मी हात लांब करून मोजले. एकशे तीन. थोडे थांबून पुन्हा मोजले. तेवढाच.

अंगणात जाऊन मी केंद्राला फोन केला. "सात नव्हे, आठ. आठवी माझी बहीण. तिला खोली नको, गाडी पाठवा आणि दवाखान्यात न्या."

आत वळलो, तेव्हा ताई पदराने कपाळ पुसत होती.

"ताप आहे ना मला? असू दे," ती हळूच म्हणाली. "पोरीला मात्र एवढ्यात सांगू नकोस. उगाच जिवाला लावून घेईल."