आधीच मागितलेली अडत

साबिरानं कादंबरी लिहिली ती शिलाई मशीनवरच. शाळेचे गणवेश शिवून झाले की मशीन आत दुमडायची, वर फळी टाकायची आणि त्या फळीवर वही उघडायची. सहा वर्षांत नऊ वह्या भरल्या. खांडबाऱ्याच्या स्टेशनाजवळ राहणारी नूरी एक दिवस नवऱ्याला न सांगता सुरतेच्या गाडीत बसते आणि परत येत नाही, अशी ती गोष्ट. साबिराचा नवरा अन्वर नंदुरबारच्या बाजार समितीत मिरची तोलणारा मापाडी. त्यानं एकही वही उघडून पाहिली नव्हती; पण एक संपत आली की न सांगता दुसरी आणून ठेवायचा.

नवापूरला दिलेल्या लेकीनं, तबस्सुमनं, सगळं टाइप करून दिलं आणि लेखकांच्या एका फेसबुक गटावर दोन ओळी टाकल्या. तिसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. निनाद सरमुकादम नावाचा माणूस. आपण लेखकांचे प्रतिनिधी, चांगली पुस्तकं मोठ्या प्रकाशकांपर्यंत नेतो, असं त्यानं सांगितलं. कादंबरी मागवून घेतली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाला, ‘‘साबिराजी, इतकं अस्सल लेखन मी वीस वर्षांत वाचलेलं नाही.’’

मग पाच पानांचा करार आला. नोंदणी आणि संपादनाचे वीस हजार आधी भरायचे, सही आठ दिवसांत करायची.

अन्वरला आभाळ ठेंगणं झालं. संध्याकाळपर्यंत अर्ध्या यार्डाला बातमी कळली होती. मिरचीच्या पोत्यात हात घालून तळाची ओल सांगणारा हा माणूस. पण बायकोच्या पुस्तकाचं नाव निघालं आणि त्यानं काही म्हणता काही विचारलं नाही. शेठकडून उचल घ्यायचंही ठरवून मोकळा झाला.

साबिरानं मात्र करार दोनदा वाचला. कापडाला कात्री लावण्याआधी ती मापही दोनदाच घ्यायची. चौथ्या पानावर लिहिलं होतं, पुढची दहा वर्षं ती जे काही लिहील त्यावर हक्क सरमुकादमांचा. त्यांच्या परवानगीशिवाय ते कुणालाच देता येणार नाही. तिनं अन्वरला ते कलम वाचून दाखवलं. मोठ्या लोकांचे कागद असेच असतात, असं म्हणून त्यानं ते उडवून लावलं.

साबिरा हसली. ‘‘तुम्हीच सांगतस ना, माल इकायना नही ते अडत कसानी?’’

अन्वरनं उचलीचा विषय तिथंच सोडला. पस्तीस वर्षं तो हेच सांगत आला होता. अडत्या आपली अडत, म्हणजे हिस्सा, घेतो तो सौदा झाल्यावर. आधीच हात पसरतो त्याच्या दुकानात माल उतरवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सरमुकादमनं मोठ्या तोऱ्यात दिलेल्या लेखकांच्या यादीतल्या दोघांचे नंबर तिनं शोधले. एक लागलाच नाही. दुसरे लातूरचे शिक्षक. त्यांचं पुस्तक दोन वर्षांपासून सरमुकादमकडे अडकलं होतं. तो फोन उचलत नव्हता, आणि सही करून बसल्यामुळे दुसरीकडेही देता येत नव्हतं. साबिरानं तबस्सुमच्या ओळखीच्या वकीलबाईंचा नंबर त्यांना दिला.

मग तिनं पुण्याला फोन लावला आणि अगदी साधेपणानं विचारलं, ‘‘साहेब, नूरी शेवटी घरी परत येते, ते तुम्हाला पटलं का?’’

‘‘अगदी पटलं. तो शेवट म्हणजे कादंबरीचा प्राण आहे.’’

साबिराला कळायचं ते कळलं. मग ती म्हणाली, पुस्तक विकलं गेल्यावर तुमचा हिस्सा जरूर घ्या. आधी काही मिळणार नाही, आणि दहा वर्षांचं कलम काढा. त्याचा सूर लगेच बदलला. नवख्यांना आजकाल कोण विचारतं, असं काहीतरी तो बोलला. तिनं बरं म्हणून फोन ठेवला.

वीस हजार वाचले होते, तरी तिला रडू आलं. गेले आठ दिवस सुईत दोरा ओवताना ती त्याचं ते ‘अस्सल लेखना’चं वाक्य मनात घोळवत होती.

अन्वर मशीनजवळ येऊन बसला. फोनवर सरमुकादमनं नूरीला परत घरी आणलं, ते त्यानं तिच्याकडून ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘त्यानी वाचंच नही. आते तू माले वाची दखाड. पहिलेपासून.’’

रोज संध्याकाळी मगरीबच्या नमाजानंतर ती वाचायची आणि तो ऐकायचा. तेरा दिवस लागले. शेवटची वही मिटली तेव्हा अन्वर नाराज दिसला. नूरी गेली ते ठीक, पण तिचा नवरा तिला शोधायला का जात नाही, असं त्यानं विचारलं. माणूस निदान सुरतेपर्यंत तरी जाईल. स्टेशनावर विचारेल.

साबिराला राग आला, आणि मग दोन दिवस ती त्याच विचारात राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं दहावी वही उघडली. नूरीचा नवरा सुरतेला गेला, चार दिवस फिरला, आणि एका खिडकीत वाळत घातलेली तिची ओढणी ओळखून, हाक न मारताच परत आला.

कादंबरी तिनं स्वतःच धुळ्याच्या एका छोट्या प्रकाशकाला रजिस्टर पोस्टानं पाठवली. झेरॉक्स आणि पावती घरी ठेवली. पाच महिन्यांनी होकार आला. करार दोन पानांचा, भरायचं काही नाही. तरीही तिनं तो तबस्सुमला दाखवला, वकीलबाईंना दाखवला, एक ओळ बदलून मागितली. प्रकाशकानं ती बदलली.

ती सही करत होती तेव्हा अन्वरनं मान डोलावली आणि पुढच्या गोष्टीत नवरा जरा बोलका असू दे, अशी विनंती केली. बघते म्हणाली.