नर्मदाबाई गप्प झाल्या तेव्हा

मी बोटाला लावायचा चिमटा बोलतोय. रक्तातला ऑक्सिजन मोजतो. डॉक्टर मला ऑक्सिमीटर म्हणतात, पेशंट 'ते लाल लाइटवालं'. साथीच्या वर्षी लोक दर पाच मिनिटांनी मला बोट देत. साथ सरली आणि मी बोईसरच्या एका हॉस्पिटलात, कापसाच्या गुंडाळ्यांखाली, ड्रॉवरमध्ये पडून राहिलो.

गेल्या जानेवारीत सिस्टर अर्चनाने मला नवे सेल घातले आणि जवळच्याच माहीम गावच्या नर्मदाबाईंच्या बोटाला लावलं. चिकूची पाटी उचलताना त्यांच्या खांद्यातला स्नायू फाटला होता. दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना बाई कच्च्या केळ्यांची भाजी शिकवत होत्या. फोडणीपर्यंत आल्या आणि झोपल्या.

दुपारी त्यांना वॉर्डात आणलं. मी खुशीत ९७ दाखवत होतो. तेवढ्यात त्यांचे यजमान शांताराम उठले.

"सिस्टर, आमची ही गप हाय."

"भूल उतरतेय, काका. झोपू द्या."

"नाय ओ, ही झोपेत पन बोलते. काय तरी बिगडलंय!"

अर्चना हसत हसत आली आणि थबकली. बाईंची मान एका बाजूने फुगली होती. त्या काहीतरी म्हणाल्या, पण आवाज घोगरा, अर्धाच निघाला. मग माझा आकडा घसरला. ९४, ९१, ८८. मी जीव तोडून टीं टीं करू लागलो.

डॉक्टर धावत आले. अशा ऑपरेशनात सांध्यात पाणी सोडतात. क्वचित कधी ते झिरपून मानेत शिरतं आणि श्वासाची वाट आवळतं. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली, ऑक्सिजनचा मास्क लावला, घशात घालायची नळी तयार ठेवली. शांताराम पायाशी उभे होते, का कोण जाणे, बायकोच्या चपला छातीशी धरून.

नळी घालावी लागली नाही. सूज हळूहळू उतरली. सकाळी मास्क निघाला.

"मी मरत व्हते नि तुमी चपला कसल्या सांभालता?"

शांताराम हसायला गेले आणि हुंदकाच फुटला त्यांना. बाईंनी चांगला हात पुढे करून त्यांचा सदरा धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

आता मी वॉर्डात खिळ्याला लटकलेला असतो. माझी काच चरे पडून धुरकट झालीय, पण आकडे दिसतात. एक कबुली देतो. शांताराम घाबरून उठले, तेव्हा मी ९७च दाखवत होतो. माझ्याकडे जरूर बघा. पण जवळचं माणूस 'काहीतरी बिघडलंय' म्हणालं, तर आधी पेशंटकडे धावा. मी बोटावरच असतो.