पहिल्याच्या नावावर

“दमयंतीबाई, सगळ्यात जास्त डिस्क तुम्ही खाता,” सुर्वेसाहेब म्हणाले आणि त्यांनी छापील कागद तिच्यापुढे धरला.

दमयंती नुकतीच दाराशी चपला काढून आत आली होती. फरशीचा गारवा तळपायांना लागत होता.

“मी काय खाते वो साहेब? मी डबासुद्धा बाहेर व्हरांड्यात खाते.”

शेजारच्या टर्मिनलवरची सुनेत्रा हसली. व्यवस्थापक सुर्वेसाहेब हसले नाहीत.

सत्त्याऐंशी सालचा मे महिना होता. आंबा बागायतदारांच्या संघाने आदल्या वर्षी संगणक घेतला होता. यंत्र एकच, त्याला पडदा आणि कळफलक असलेली तीन टर्मिनलं, आणि त्यांवर तिघं: दमयंती, काशीराम आणि सुनेत्रा. बागायतदार खिडकीशी येऊन नाव सांगायचा, नाव टाइप झालं की पेट्यांची पाठवणीची चिठ्ठी छापून यायची आणि मग ट्रक मुंबईला सुटायचा. पण हंगाम चढला तसं यंत्र मंदावलं. चिठ्ठीला वेळ लागू लागला आणि आवारात ट्रकांची रांग उन्हात उभी राहू लागली. डिस्क एकच आणि तिच्यावर ओझं फार, असं यंत्र सांभाळणारे चारुदत्त आगाशे सांगत होते. नवी डिस्क घ्यायला संचालक तयार नव्हते. एक टर्मिनल काढा, ओझं आपोआप कमी होईल, असं त्यांनी ठरवलं. टर्मिनल गेलं की त्यावरचं माणूसही जाणार. तिघंही हंगामी होती.

कुणाचं काढायचं ते ठरवण्यासाठी आगाश्यांनी मोजणी लावली होती. कोणाचा प्रोग्राम डिस्कवरून माहितीचे किती ठोकळे उचलतो, ते यंत्र स्वतःच टिपून ठेवी.

दमयंती पालीहून पहिल्या एस.टी.ने यायची. नवरा गिरणी बंद पडल्यापासून घरी होता. तो सबंध दिवस पडवीत बसून असे आणि ती परतली की एवढंच विचारी, “आहे ना अजून?” नोकरीबद्दल. ती “हाय” म्हणून चुलीकडे वळे.

त्या दिवसापासून तिने हात आखडला. तपासायला म्हणून नाव पुन्हा उघडून बघण्याची सवय सोडली. कळा हलक्या हाताने दाबू लागली. त्याने काही होणार नाही हे तिलाही ठाऊक असावं. संध्याकाळी ती आगाश्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राही.

“कमी झालं काय?”

“नाही हो बाई. तेवढंच आहे.”

“आज तर मी पाणी प्यायलापण उठले नाय. आनखी काय करू, सांगा.”

आगाशे चष्मा पुसत बसत.

बुधवारी वाटेत हातखंब्याला एस.टी. बंद पडली. दमयंती धापा टाकत पोचली तोवर दोघांचं काम रंगात आलं होतं. उशीर झाला, आता संपलंच, अशा चेहऱ्याने ती बसली. संध्याकाळी आगाशे स्वतः उठून तिच्याकडे आले.

“बाई, आज तुमचा आकडा नावापुरता आहे. आणि काशीरामचा तुमच्या रोजच्याएवढा झालाय!”

“त्यानं काय केलंन?”

“काही नाही. तो आज पहिला आला. एरवी पहिल्या तुम्ही येता.” आगाशे खाली बसले. “बागायतदारांची फाईल तिघांनाही लागते. जो पहिल्यांदा उघडतो, त्याच्यासाठी यंत्र डिस्कवर जातं. एकदा वर आणलंन, की ती दिवसभर यंत्राच्या स्मरणात राहते. मागून येणाऱ्याला तिथूनच मिळते, डिस्क हलतसुद्धा नाही. आणि मोजणी सगळं पहिल्याच्या नावावर टाकते.”

“म्हंजे इहिरीतनं पानी मी शेंदायचं, नि बाकीच्यांनी भरल्या हंड्यात तांब्या बुडवायचा?”

“तसंच.”

“मंग जा ना, सांगा साहेबांना!”

आगाशे गेले. इतक्या जोरात ते साहेबांशी कधी बोलले नसतील. “कुणालाही काढा, उद्या दुसरा पहिला होईल. मोजणी खोटी नाही, पण तिच्यावरून माणूस काढणं खोटं आहे!”

“माणूस काढायचा ठरलाय, आगाशे. कुठला, एवढंच उरलंय,” सुर्वेसाहेब म्हणाले. “परवा संचालकांची सभा. उद्या पुन्हा मोजा. उद्या ज्याचा आकडा मोठा, तो जाईल. म्हणजे कोणी मला पक्षपाती म्हणायला नको. आणि तुम्ही उद्या यंत्राला हात लावायचा नाही.”

दार उघडंच होतं. बाहेर काशीराम उभा होता. मिरकरवाड्यावर, घरी, त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते. त्याने सगळं ऐकलं होतं. सुनेत्राने आणि दमयंतीनेही.

गुरुवारी सकाळी तिघंही वेळेवर आली आणि तिघंही पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसली. काशीराम रुमालाने एकेक कळ पुसू लागला. सुनेत्रा वेणीचं टोक पुन्हा पुन्हा बांधत होती. सुर्वेसाहेब खुर्ची टाकून मधोमध बसले.

“करा सुरू.”

कोणी हललं नाही.

“मी कोणाचं नाव घेणार नाही. पण करा सुरू!”

ऊन चढलं. बाहेर ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. खिडकीत केरू, पालीकडचाच एक म्हातारा बागायतदार, गजांना धरून उभा होता.

“अगो, कोन मेलाय काय आत?” तो ओरडला. “पेटीतल्या पेंढ्यात हात घाल, चटका बसतोय! आज गाडी चुकली तर मुंबईत जाऊन काय, रस विकू?”

सुनेत्राने मान खाली घातली. काशीरामचा रुमाल एकाच कळीवर फिरत राहिला. दमयंतीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही.

“काशीराम,” ती म्हणाली, “कधी येतंय बाळंतपण?”

“ह्याच म्हयन्यात, ताई.”

“बाई, थांबा,” आगाशे पुटपुटले. “मी पुन्हा बोलून बघतो.”

“आंबा थांबेल काय?”

तिने खुर्ची पुढे ओढली आणि फाईल उघडली. यंत्र बराच वेळ घरघरत राहिलं. मग पडद्यावर नावं उमटली. लगेच उरलेल्या दोन टर्मिनलांवरही बोटं चालू लागली, आणि त्यांना काहीच वाट पाहावी लागली नाही. सुर्वेसाहेब खुर्ची उचलून निघून गेले. आगाशे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

“केरूआजा, नाव सांगा.”

“अगो, वळखतेस की मला!”

“तरी सांगा. बापाचं नाव, गाव, सगळं सांगा. चुकून दुसऱ्याच्या नावावर गेलं तर पेटी तुमची ऱ्हायची नाय.”

म्हाताऱ्याने सांगितलं. तिने टाइप केलं, मग ते नाव पुन्हा उघडून, एकेक अक्षर बघून तपासलं, आणि मगच छापायची कळ दाबली.