बॅटरी गेली नव्हती

वापरायचं तुम्ही, विसरायचं तुम्ही, आणि ऐनवेळी दिवा लागला नाही की म्हणायचं, "बॅटरी गेली." कुठे गेले मी? पाय आहेत मला? हे वाक्य ज्यांनी आयुष्यात एकदा तरी उच्चारलंय, त्यांनी जरा खाली बसून ऐका. मी बॅटरी बोलतेय. एका फिरत्या घराच्या बाकाखालून बोलतेय. आज आवाज थोडा बारीक आहे, पण ताठ आहे.

माझा जन्म कारखान्यातला. शिशाचे जाड पत्रे, त्यांच्यामध्ये आम्ल आणि वरून काळं कवच. इंजिन सुरू करते ती बॅटरी वेगळी. ती माझी चुलत बहीण, पुढे बॉनेटखाली राहते. तिचं काम एका झटक्याचं. इंजिन घुरघुरलं की ती मोकळी. मी मात्र तासन्‌तास थोडी थोडी वीज देत राहते. आमच्यात थोरली कोण, हा वाद आम्ही कधी घातला नाही. तो उद्योग माणसांनी करावा.

दुकानातून मला बाबांनी आणलं. बाबा बस दुरुस्त करणारे मेकॅनिक. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक भंगारातली मिनीबस घेतली आणि तिचं घर केलं. दोन बाकं, एक ओटा, छोटा फ्रिज, पंखा, पाण्याचा पंप आणि भिंतीवर टीव्ही. घरात माणसं तीन. बाबा, आई आणि बाबांची मोठी बहीण, म्हणजे आत्या. आई गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. तिच्या घरात उघडं असं काही राहतच नाही. रिमोटला झबलं, फ्रिजच्या दांड्याला मोजा. आत्या म्हणते, "मी जास्त वेळ एका जागी बसले तर ही मलाही टाके घालेल."

दोन वर्षं आम्ही वीजजोडणी असलेल्या तळांवरच उतरलो. खांबाला वायर लावली की माझी सुट्टी. टीव्ही चालायचा, पंखा फिरायचा आणि श्रेय मात्र मला मिळायचं. "काय बॅटरी आहे!" असं बाबा सांगत सुटायचे. फुकटचं कौतुक पचवायला जड जातं, ते मी तेव्हाच शिकले.

यंदा बाबांनी छतावर सोलर पॅनल बसवला. "आता खांब नको की वायर नको," म्हणाले. आम्ही तळ्याकाठच्या मोकळ्या माळावर येऊन उतरलो. तिथे पाणी होतं, गवत होतं, पण विजेचा खांब नव्हता. शिवाय फलक होता: 'पक्ष्यांच्या विणीचा हंगाम. दुपारी बारा ते चार इंजिन बंद ठेवा.' मला हुरूप आला. आता खरी परीक्षा, म्हटलं.

तीन दिवस मी फ्रिज चालवला, पंखा चालवला, पंप चालवला. माझ्या विजेवर घरातली उपकरणं चालावीत म्हणून बाबांनी इन्व्हर्टर बसवलाय, त्याचं बटण ते कधी बंदच करत नाहीत. "सारखं दाबलं की झिजतं," हा त्यांचा सिद्धांत. काही चालू नसतानाही तो माझं रक्त पीत राहतो. सगळं चालेल, म्हटलं, वरून ऊन येईलच. पण वरून काही येईना. रणरणतं ऊन, आणि माझ्या वाट्याला थेंब नाही. पहिल्या दिवशी वाटलं, ढग असतील. दुसऱ्या दिवशी कोड्यात पडले. आज सकाळी माझ्यात जेमतेम पाव भाग उरला होता.

आणि नेमकी आजच गरज पडली.

आई-बाबांची मुलगी वेगळी राहते, फुटबॉलची पंच आहे. तिने ऑफिसातली नोकरी सोडून हे काम धरलं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "एवढं शिकलीस ते शिट्टी फुंकायला?" तीही बापाचीच लेक. म्हणाली, "बाबा, एकदा पूर्ण सामना बघा. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत. मग बोला." त्याला चार वर्षं झाली. बाबांनी एकही सामना पूर्ण पाहिला नाही आणि ती त्यानंतर घरी जेवायला थांबली नाही.

आज सकाळी आई टेकाडावर गेली. तिथेच फोनला जेमतेम रेंज येते. मुलीचा निरोप आला होता: 'मुख्य पंचाचा पाय मुरगळला. आज दोनचा अंतिम सामना माझ्याकडे आहे.'

आईने तो मोठ्याने वाचला. बाबांनी आतून दांडा फिरवून छतावरचा अँटेना सरळ केला. मला एवढं पुरलं. काही माणसांची माफी अशीच असते.

साडेबाराला त्यांनी टीव्ही लावून पाहिला. चित्र आलं, इन्व्हर्टर टीं टीं करून ओरडला आणि पडदा काळा झाला.

"बॅटरी गेली," बाबा म्हणाले.

हे ऐकून मला काय वाटलं असेल, ते सोडा. त्यांनी पाना काढला आणि माझ्या वायरीचा एक नट सैल केला.

"पुढची काढून इथे लावतो."

"आणि मग गाडी कशाने सुरू करशील? फुंकर मारून?" आत्या म्हणाली.

"ताई, तू मध्ये बोलू नकोस."

"अहो, वन्संचं बरोबर आहे," आई म्हणाली. "अडकून पडू इथे."

"मग काय करू? इंजिन लावून ही भरावी तर चारपर्यंत बंदी. दोन तासांच्या वाटेत दुसरा टीव्ही नाही. चार वर्षांनी तिने आपणहून सामना कळवला आणि..." पाना बाबांच्या हातातच राहिला.

तेवढ्यात दारात शेजारच्या गाडीतला बेकरीवाला आला. निळा खेळशर्ट, गळ्यात निळा रुमाल, हातात घडीची खुर्ची.

"दादा, तुमच्याकडे टीव्ही आहे असं कळलं. आज आमच्या निळ्यांचा अंतिम सामना. मी कोपऱ्यात बसेन, ओरडणार नाही."

"टीव्ही आहे, बॅटरी गेली," आत्याने सांगितलं.

बेकरीवाला दोन पावलं मागे सरला आणि छताकडे बघू लागला.

"आणि ते वर काय आहे? चांगलं गुबगुबीत आहे. गादी वाळत घातलीय?"

तिघंही बाहेर येऊन वर बघू लागली. मग आईने हळूच तोंडावर हात ठेवला.

सोलर पॅनलला तिने कव्हर शिवलं होतं! जाड, अस्तराचं, चारही बाजूंनी पक्कं बांधलेलं. रस्त्याची धूळ बसू नये म्हणून निघताना घातलं आणि काढायचं तिघांनाही सुचलं नाही. तीन दिवस सूर्य छतावर येऊन बसत होता आणि ही माणसं त्याला पांघरूण घालून ठेवत होती.

"सात गाठी मारल्यात मी," आई म्हणाली आणि स्वतःच शिडी चढली. कात्रीने सातही गाठी कापल्या. स्वतःच्या शिवणकामावर तिने कात्री चालवलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

बाबांनी माझा नट पुन्हा आवळला. इन्व्हर्टर बंद केला. फ्रिज, पंखा, पंप, सगळं बंद. मग ऊन आलं. ते कसं सांगू? तीन दिवसांच्या उपाशी माणसासमोर वाढलेलं ताट आणा डोळ्यांपुढे.

दोनला पाच मिनिटं असताना टीव्ही लागला. मी तो धरला. पडद्यावर काळ्या गणवेशातली मुलगी मैदानाच्या मधोमध उभी होती.

"बारीक झालीय," आत्या म्हणाली.

बाबा बाकाच्या कडेवर बसले, म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर. सगळा सामना त्यांची टाच माझ्या कवचावर आपटत होती. मध्यंतरातही ते उठले नाहीत. निळे आणि पिवळे एक-एक बरोबरीत होते. शेवटची दहा मिनिटं उरली आणि सूर्यावर एक भलामोठा ढग आला. वरचा पुरवठा एकदम आटला. इन्व्हर्टरने पहिली टीं केली. बाबांनी आवाज अगदी कमी केला, पडदा मंद केला. माझ्यासारखीने इतकं खाली जाऊ नये, त्याने आयुष्य घटतं. मला ठाऊक होतं. तरी मी गेले, कारण 'पूर्ण सामना' म्हणजे पूर्ण सामना.

शेवटच्या मिनिटाला निळ्यांनी गोल केला. बेकरीवाला खुर्चीवरून उडाला. आणि तिची शिट्टी वाजली. गोल रद्द! आठ-दहा खेळाडू तिच्या अंगावर धावून आले, प्रेक्षक उठून ओरडू लागले. ती हात पाठीमागे बांधून उभी राहिली. एक पाऊल मागे गेली नाही. खेळ सुरू झाला आणि पुढच्याच चालीत पिवळ्यांनी गोल करून सामना जिंकला.

शेवटची शिट्टी मी ऐकवली. त्यानंतर बाबांनी स्वतः उठून इन्व्हर्टरचं बटण बंद केलं.

"ही शिट्टी फुंकत नाही," ते आईला म्हणाले. "बावीस ड्रायव्हर एका रस्त्यावर सांभाळते." आणि चप्पल न घालताच टेकाडाकडे, फोनच्या रेंजकडे निघाले.

ढग सरलाय. मी पुन्हा भरतेय, थेंबाथेंबाने. आजच्या ओढाताणीत माझं थोडं आयुष्य गेलं असेल, गेलं तर गेलं. ज्या कामासाठी घडवलं ते काम करून मी झिजले. मागणं एवढंच की आम्हाला फेकायला पाना उचलण्याआधी एकदा छताकडे बघा. जे चालत नाही ते मेलं, असं ठरवायची फार घाई असते तुम्हाला. अनेकदा ते फक्त उपाशी असतं.

बाहेर आई बेकरीवाल्याला म्हणत होती, "तुमचा गोल गेला हो आमच्या मुलीमुळे. वाईट वाटतं."

त्याने खुर्चीची घडी घातली, गळ्यातला रुमाल सोडला. "धक्का दिलाच होता आमच्या खेळाडूने, वहिनी. मलाही दिसला आणि तिलाही दिसला. मी गप्प बसलो, ती बसली नाही."