डावा खांदा

सूनबाईंनी सकाळीच फर्मान काढलं, "बाबा, आज दिवसभर माझ्याबरोबर यायचं. आणि जरा बरा शर्ट घाला."

पेंटरबुवांकडे बरा शर्ट होता कुठे? नऊ वर्षं ते तयार शर्ट विकत घेत होते आणि एकजात प्रत्येक शर्ट डावीकडे घसरत होता. त्याआधी त्यांचे शर्ट समोरचे टेलरमास्तर शिवायचे. मास्तरांच्या दुकानाची पाटी बुवांनी रंगवलेली, आणि संध्याकाळच्या गप्पा दोघांच्या सामाईक. मग एकदा वस्तीत दोघांच्या जमातींत जुंपली. या दोघांनी कुणावर साधा खडासुद्धा उचलला नाही. पण बुवांना वाटलं, मास्तर आपली विचारपूस करायला येईल; मास्तरांनाही नेमकं तेच वाटलं. कुणीच आलं नाही आणि अबोला धरला गेला. खरं सांगायचं तर बुवांना शर्टांपेक्षा त्या गप्पा तुटल्याने जास्त पोरकं केलं होतं. फक्त आधी पाऊल कोण टाकणार, इथे घोडं पेंड खात होतं.

सूनबाईंच्या मंडळाने शेजाऱ्यापाजाऱ्यांत सलोखा वाढावा म्हणून कलेचे कार्यक्रम ठेवले होते. सकाळी वाचनालयात बाहुल्यांचा खेळ झाला. शेवटी वाघ आणि शेळी एका टेबलावर चहा प्यायले.

"आणि वाघ नंतर जेवला काय?" बुवांनी विचारलं. सूनबाईंनी डोळे वटारले.

मग शाळेच्या अंगणात चार भाषांतलं समूहगान. गाणं बुवांना आवडलं, पण मागच्या फलकावरची अक्षरं उजवीकडे जागा संपल्यामुळे अंग चोरून उभी होती. ती बघून त्यांचा जीव कासावीस झाला.

दुपारी सभागृहात चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. समोरासमोर बसायचं, तासभर एकमेकांचं चित्र काढायचं, बोलायचं नाही. बुवांच्या समोर येऊन बसले मास्तर, गळ्यात मापाची टेप तशीच. बुवांनी सूनबाईंकडे पाहिलं. त्या अगदी मन लावून ब्रश मोजत होत्या.

न बोलण्याची अट दोघांनाही जड गेली नाही. नऊ वर्षांचा सराव होता.

बुवांनी हात चालवला. मास्तर म्हातारा झालाय, हे त्यांना भुवया रंगवताना कळलं आणि वाईट वाटलं. जन्मभर पाट्याच रंगवलेल्या, त्यामुळे चित्राला आपोआप चौकट आली आणि फोन नंबरासाठी खाली चार बोटं जागाही सुटली. मास्तरांनी मात्र ब्रशला हात लावला नाही. खिशातून खडू काढला आणि मान खाली घालून रेघा ओढत राहिले.

तास संपला, चित्रं भिंतीवर लागली आणि मास्तरांच्या चित्रापुढे हशा पिकला. त्यात चेहराच नव्हता. नुसता शर्ट होता, कापायला घेतल्यासारखा.

बुवांचं तोंड उतरलं. माझा चेहरासुद्धा याला नकोसा झालाय, असं त्यांच्या मनात आलं. निघून जावं म्हणून ते वळले, आणि वळता वळता त्यांची नजर त्या शर्टाच्या खांद्यावर गेली. उजवा सरळ होता. डावा खाली, आणि शेजारी बारीक अक्षरांत आकडा.

"आधी अर्धा इंच होता," मागून मास्तर म्हणाले. "आता पाऊण झालाय. शिडी अजून त्याच खांद्यावर घेतोस?"

नऊ वर्षांत मास्तरांनी त्यांच्याशी बोललेले हे पहिले शब्द. बुवांचा हात आपसूक डाव्या खांद्यावर गेला.

"दुसऱ्यावर सवय नाही," ते कसेबसे म्हणाले.

मास्तर आता बुवांच्या चित्राकडे बघत होते. "मिशी बरी जमलीय. खाली एवढी जागा कशाला सोडलीस?"

बुवांनी टेबलावरचा ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि त्या रिकाम्या जागेत मास्तरांच्या दुकानाचा नंबर लिहून टाकला. कुणाला विचारलं नाही, कुठे अडखळले नाहीत, आणि शेवटचा आकडाही ऐसपैस बसला.

मास्तर तो नंबर बराच वेळ वाचत राहिले. मग त्यांनी गळ्यातली टेप काढली.

"सरळ उभा राहा," ते म्हणाले. "आणि पोट आत ओढू नकोस, लेका. मला शर्ट तुझ्या मापाचा शिवायचाय."